पीठाध्यक्ष श्रेबर यांची कागदपत्रे

१४ जुलै १९०२ रोजी ड्रेस्डेनच्या वरिष्ठ प्रांतिक न्यायालयाने एक अपील निकाली काढले. अपीलकर्ते डॉ. डानिएल पाउल श्रेबर हे नऊ वर्षांपूर्वी याच न्यायालयात पीठाध्यक्ष म्हणून रुजू झाले होते. आता ते पिर्ना गावच्या टेकडीवरील सोनेनस्टाइन मनोरुग्णालयात होते, आणि आपल्याला कायद्याने अक्षम ठरवणारा आदेश रद्द व्हावा अशी त्यांची मागणी होती. निकालाचे सार दोन वाक्यांत सांगता येते. अपीलकर्त्याला मानसिक आजार आहे, याबद्दल न्यायालयाला शंका नाही. आणि अपील मंजूर आहे.

आजार होता हे खुद्द न्यायालयाने मान्य केले. पण कोणता? सोनेनस्टाइनचे संचालक गिडो वेबर यांनी ‘पॅरानोइआ’ असे लिहिले. फ्रॉइड यांनी १९११ साली त्याच शब्दापुढे कंसात ‘डिमेन्शिया पॅरानोइडेस’ जोडले. मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी त्याला आपल्या नव्या स्किझोफ्रेनिया या गटात बसवले. १९९२ साली झ्वी लोथाने यांनी जुनी कागदपत्रे पुन्हा तपासून हा मुळात मनःस्थितीचा, म्हणजे तीव्र नैराश्याच्या जातीचा, आजार असल्याचे मत मांडले. रुग्ण तोच, कागद बहुतांशी तेच. वास्तवाचे भान सुटण्याच्या आजारांना आपण एकत्रितपणे सायकोसिस म्हणतो, आणि ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे हा मानसोपचारातला अवघड प्रश्न आहे. श्रेबर यांच्या प्रकरणात तो प्रश्न कागदांच्या आधारे पावलोपावली तपासता येतो, म्हणून ही उलटतपासणी.

आधी कागद कोणते आहेत ते पाहू. सगळ्यात मोठा दस्तऐवज खुद्द श्रेबर यांचा. सोनेनस्टाइनमध्ये असताना, १९०० सालच्या फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात त्यांनी आपल्या आजाराची हकीकत लिहिली. पुढे तिला पुरवण्या जोडल्या आणि १९०३ साली लाइपझिगच्या ओस्वाल्ड मुत्झ या प्रकाशकाकडून ती ‘एका मज्जारुग्णाच्या आठवणी’ अशा अर्थाच्या नावाने छापून घेतली. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी दुसरा साठा, म्हणजे खटल्याचे कागद, जोडला: वेबर यांचे ९ डिसेंबर १८९९, २८ नोव्हेंबर १९०० आणि ५ एप्रिल १९०२ या तारखांचे तीन अहवाल, स्वतःचे अपिलातले म्हणणे आणि अंतिम निकाल. आपल्याविरुद्धचा पुरावा आपल्याच पुस्तकात अक्षरशः छापणारा माणूस विरळा. न्यायाधीशाची सवय आजारातही शाबूत होती, हे या एका कृतीवरून दिसते.

तिसरा साठा केसपेपरांचा. ते जवळजवळ अर्धशतक कोणी पाहिले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर ड्रेस्डेनजवळच्या आर्न्सडॉर्फ येथील रुग्णालयात काम करणाऱ्या फ्रान्झ बाउमायर यांच्या हाती ते लागले आणि १९५०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी त्यांतला मजकूर प्रसिद्ध केला. हे कागद वाचले हेच नवल. १९४० आणि १९४१ मध्ये नाझी राजवटीने याच सोनेनस्टाइनमध्ये वायुकक्ष बसवून १३,७२० मनोरुग्ण आणि अपंग माणसे मारली होती. त्या इमारतीतून माणसे वाचली नाहीत तिथे एका जुन्या रुग्णाच्या नोंदी वाचल्या.

आता तारखा. श्रेबर यांचा जन्म २५ जुलै १८४२, लाइपझिग. वडील मोरिट्झ श्रेबर हे व्यायाम आणि बालसंगोपनावर लिहिणारे नामांकित डॉक्टर. ते १८६१ साली वारले. थोरला भाऊ गुस्ताव याने १८७७ साली आत्महत्या केली. १८७८ साली श्रेबर यांचा ओटिली साबिने बेअर यांच्याशी विवाह झाला. ऑक्टोबर १८८४ मध्ये त्यांनी केम्निट्झमधून राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, निवडणूक लढवली आणि ते हरले. ८ डिसेंबर १८८४ रोजी ते लाइपझिग विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात प्राध्यापक पाउल फ्लेशिग यांच्याकडे दाखल झाले. १ जून १८८५ रोजी बाहेर पडले.

या पहिल्या दुखण्याबद्दल आठवणींमध्ये श्रेबर यांनी फार थोडे लिहिले आहे. हा हायपोकॉन्ड्रियाचा, म्हणजे आपल्या शरीराला काहीतरी असाध्य झाल्याच्या चिंतेचा, झटका होता आणि त्यात अलौकिक असे काही घडले नाही, असे ते सांगतात. केसपेपर अधिक बोलके आहेत. त्यांत आत्महत्येचे प्रयत्न आहेत, बोलण्यातली अडचण आहे, आपले वजन घटत चालले आहे ही ठाम समजूत आहे. आठवणींतली मिताक्षरी आणि केसपेपरातली गंभीर नोंद यांत तफावत पडते तेव्हा कोणावर विश्वास ठेवायचा? मी इथे केसपेपरकडे झुकतो. ते त्या त्या दिवशी लिहिले गेले. आठवणी पंधरा वर्षांनी लिहिल्या गेल्या, आणि त्यांचा सगळा प्रकाश दुसऱ्या आजारावर आहे.

एक बारीक गोष्ट मात्र आठवणींतच सापडते आणि ती महत्त्वाची आहे. फ्लेशिग यांच्याआधी ज्या डॉक्टरांकडे उपचार झाले त्यांनी दिलेल्या पोटॅशियम ब्रोमाइडमुळे विषबाधा झाली, एवढेच आजाराचे कारण आहे, असे फ्लेशिग यांनी आपल्याला सांगितल्याचे श्रेबर लिहितात. हे खोटे होते, रुग्णाला धीर देण्यासाठी बोललेले, असा त्यांचा आक्षेप. आक्षेप बाजूला ठेवला तरी प्रश्न खरा आहे. ब्रोमाइड शरीरात साठत जाते आणि जास्त झाल्यास गोंधळ, भास, संशय निर्माण करू शकते. सायकोसिसचे निदान करताना आजही पहिली पायरी हीच असते: औषध, नशा किंवा शरीरातला दुसरा आजार हे कारण नाही ना? इथे तारखांनी उत्तर मिळते. ब्रोमाइड बंद झाल्यावर काही आठवड्यांत उतरते. पुढे १८९४ पासून कित्येक वर्षे टिकलेल्या आवाजांचा हिशेब त्याने लागत नाही. १८८४ पुरती ती शक्यता मी खुली ठेवतो.

त्याच काळातली दुसरी मोठी शंका सिफिलिसची. मेंदूत पोचलेल्या सिफिलिसने भव्यतेचे भ्रम, अडखळते बोलणे आणि काही वर्षांत मृत्यू, असा क्रम त्या वेळच्या प्रत्येक मनोरुग्णालयाला पाठ होता. रक्ताची वासरमान चाचणी १९०६ साली आली; तोपर्यंत डॉक्टरांच्या हाती फक्त आजाराचा क्रम होता. बोलण्यातली अडचण ही नोंद पाहून आपणही क्षणभर थबकतो. पण १८८४ साली अडखळलेला माणूस १९०१ साली स्वतःच्या अपिलाचा मसुदा इतक्या बिनचूक कायदेशीर भाषेत लिहितो की न्यायालय त्यातले मुद्दे उचलून धरते. सिफिलिसने पोखरलेल्या मेंदूला हे साधत नाही. ही शक्यता बाद.

१८८५ ते १८९३ ही आठ वर्षे निरोगी होती. अपत्याची आशा वारंवार विफल झाली, तरी संसार सुखाचा होता असे श्रेबर नमूद करतात. फ्लेशिग यांनी नवरा परत दिला या कृतज्ञतेने ओटिली यांनी त्यांचे छायाचित्र कितीतरी वर्षे आपल्या टेबलावर ठेवले होते. पुढे श्रेबर यांच्या भ्रमविश्वात ‘आत्म्याचा खून’ करणारा म्हणून ज्याचे नाव येते तो हाच फ्लेशिग.

जून १८९३ मध्ये बढतीची बातमी आली आणि १ ऑक्टोबर रोजी श्रेबर ड्रेस्डेनला रुजू झाले. त्यांच्या पीठावरचे सहकारी बहुतेक त्यांच्याहून वयाने मोठे आणि अनुभवी होते. कामाचा ताण, मग निद्रानाश. याच आठवड्यांतला एक प्रसंग आठवणींमध्ये आहे. रात्री झोप लागत नसताना शयनगृहाच्या भिंतीतून तडतड असा आवाज येई. उंदीर असेल असे तेव्हा त्यांना वाटले. नंतर मात्र, तसे आवाज असंख्य वेळा ऐकल्यावर, तो उंदीर नव्हता, ईश्वरी चमत्कार होता हे आपल्या लक्षात आले, असे ते लिहितात.

हा परिच्छेद संशोधकाने सावकाश वाचावा असा आहे. यात दोन काळ एकावर एक रचलेले आहेत. १८९३ सालचा आवाज आणि १९०० सालचा अर्थ. पहिला अर्थ उंदीर हा होता, हे श्रेबर प्रामाणिकपणे सांगतात, म्हणूनच आपल्याला कळते की ऑक्टोबर १८९३ मध्ये त्यांचे वास्तवाचे भान अजून सुटलेले नव्हते. भ्रमाचे हे एक लक्षणच आहे की तो मागे जाऊन जुन्या आठवणींनाही नवा अर्थ देतो. श्रेबर यांनी तो बदल झाकला असता तर सुरुवातीची तारीख आपण काही महिने आधी धरून फसलो असतो.

२१ नोव्हेंबर १८९३ रोजी ते पुन्हा फ्लेशिग यांच्याकडे दाखल झाले. पहिल्या तीन महिन्यांच्या नोंदी एकसुरी आहेत: झोप नाही, त्यासाठी क्लोरल हायड्रेट, आत्महत्येचे प्रयत्न, मेंदू मऊ पडत चालला आहे, मरण जवळ आले आहे ही खात्री. हे चित्र तीव्र नैराश्याचे आहे. यात भ्रम आहेत, पण ते मनःस्थितीच्याच रंगाचे आहेत. खचलेल्या माणसाला आपण सडत चाललो आहोत असे वाटणे आणि आनंदी माणसाला देवाचे किरण आपल्याशी बोलतात असे वाटणे, या दोन गोष्टींचा मानसोपचारात वेगवेगळा अर्थ लावला जातो. कागद इथेच संपले असते तर निदान सोपे होते: सायकोसिसच्या लक्षणांसह नैराश्य.

पण मग फेब्रुवारी १८९४ येतो. रोज येऊन भेटणाऱ्या ओटिली चार दिवसांसाठी वडिलांकडे बर्लिनला गेल्या. त्या परतेपर्यंत आपण इतके ढासळलो होतो की त्यांनी आपल्याला त्या अवस्थेत पाहू नये असेच वाटू लागले, असे श्रेबर लिहितात. अलौकिक शक्तींशी संपर्क सुरू झाला तो या दिवसांपासून, हा त्यांचा स्वतःचा कालनिर्णय आहे. यानंतरची पाने आवाजांनी भरलेली आहेत: मज्जातंतूंमधून थेट बोलणारे किरण, ठरावीक वाक्ये घोकणारे पक्षी, जुनाट पण जोरकस जर्मनमधली देवाची ‘मूलभाषा’, आपला प्रत्येक विचार टिपून ठेवणारी एक लेखनव्यवस्था, आणि क्षणभर थांबू न देणारी विचार करण्याची सक्ती. आजूबाजूची माणसे घाईघाईने तेवढ्यापुरती उभी केलेली आहेत असे वाटे. आपले स्त्रीत रूपांतर होणार ही जाणीव प्रथम छळ म्हणून आली. नोव्हेंबर १८९५ पासून, ते विश्वाच्या व्यवस्थेला धरून आहे अशी समजूत पटून, त्यांनी तिच्याशी समेट केला.

श्रेबर यांच्याबद्दल जे काही लिहिले गेले त्यातले बहुतेक या आशयाबद्दल आहे. फ्रॉइड यांनी त्यात दडलेले समलिंगी आकर्षण पाहिले. १९५०च्या दशकात विल्यम नीडरलँड यांनी आणि १९७३ साली मॉर्टन शॅट्झमन यांनी वडिलांच्या पुस्तकातल्या, मुलांना ताठ बसवणाऱ्या पट्ट्या आणि आधारकाठ्या दाखवून छाती आवळली जाण्याच्या ‘चमत्कारां’चे मूळ तिथे शोधले. हान इस्राएल्स यांनी नंतर वडील आणि मुलगा दोघांचीही कागदपत्रे धुंडाळून या साखळीतले बरेच दुवे कच्चे असल्याचे दाखवले. पुस्तकातल्या चित्रापासून सोनेनस्टाइनमधल्या भासापर्यंत जाणारा रस्ता अनुमानाचा आहे. तो आकर्षक आहे म्हणून पक्का ठरत नाही. आणि निदानाच्या दृष्टीने माझा आक्षेप याहून मूलभूत आहे. भ्रमात काय आहे यावरून आजार कोणता हे ठरत नाही. लक्षणे कोणत्या क्रमाने आली, किती टिकली, मधल्या काळात माणूस कसा होता, यावरून ते ठरते.

हे सूत्र ज्याने मानसोपचारात रुजवले तो माणूस या कथेच्या अगदी कडेने जातो. एमिल क्रेपेलिन १८८२ साली फ्लेशिग यांच्याच लाइपझिगच्या रुग्णालयात सहायक म्हणून रुजू झाले आणि काही महिन्यांतच फ्लेशिग यांनी त्यांना काढून टाकले. फ्लेशिग मेंदूच्या तंतूंचे अभ्यासक. आजाराचे उत्तर शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळेल यावर त्यांची श्रद्धा. क्रेपेलिन उलट मार्गाने गेले. प्रत्येक रुग्णासाठी एक कार्ड, त्यावर आजाराची सुरुवात, वळणे, शेवट. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या १८९९ सालच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी मोठी विभागणी केली: एकीकडे येऊन जाणारा, मधल्या काळात माणूस पूर्ववत करणारा उन्माद-नैराश्याचा आजार, दुसरीकडे तरुणपणी सुरू होऊन बुद्धी आणि भावना कायमच्या कोमेजवणारा डिमेन्शिया प्रिकॉक्स. या दोहोंपासून वेगळा पॅरानोइआ, ज्यात भास जवळजवळ नसतात आणि एकच पद्धतशीर भ्रम बाकीच्या शाबूत व्यक्तिमत्त्वात ठाण मांडून बसतो.

आणि श्रेबर यांनी क्रेपेलिन वाचले होते! १८९६ सालची पाचवी आवृत्ती त्यांनी मिळवली आणि आठवणींमध्ये तिचा हवाला देऊन प्रतिवाद केला. आवाज ऐकणाऱ्या रुग्णांची विचारशक्ती दुबळी झालेली असते असे पुस्तक म्हणते. माझी स्मृती आणि तर्कबुद्धी तर धडधाकट आहे. तेव्हा ते वर्णन मला लागू नाही, असा त्यांचा युक्तिवाद. रुग्ण आपल्याच निदानाविरुद्ध पाठ्यपुस्तक घेऊन उभा राहतो असा दुसरा दस्तऐवज त्या काळातला मला माहीत नाही. निष्कर्ष चुकला, कारण आवाज खरेच आहेत हे त्यांनी गृहीत धरले होते. पण निरीक्षण अचूक होते. बुद्धी कोमेजली नव्हती, आणि क्रेपेलिन यांच्या चौकटीला ते जड जात होते.

वेबर यांचे अहवाल इथे तुलनेला घेऊ. ते न्यायालयासाठी लिहिलेले आहेत, म्हणून प्रत्येक वाक्यामागे ‘याला मोकळे सोडावे का’ हा प्रश्न आहे हे लक्षात ठेवावे. पहिल्या अहवालात वेबर आजाराचे दोन टप्पे स्वच्छ वेगळे करतात. सुरुवातीला भासांनी भरलेले तीव्र वेड, ज्यात श्रेबर तासन् तास निश्चल बसत, कोणाशी बोलत नसत. मग हळूहळू त्या गढूळ अवस्थेतून एक स्थिर भ्रमव्यवस्था गोठत गेली आणि बाकीचे व्यक्तिमत्त्व पुन्हा उभे राहिले. श्रेबर बुद्धिबळ खेळत, पियानो वाजवत, पत्रे लिहीत. वेबर यांच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर ते पाहुणे म्हणून बसत आणि कायदा, राजकारण, कला, साहित्य यांवर सभ्यपणे व माहितीपूर्ण बोलत. त्याच माणसाच्या खोलीतून मात्र अचानक आरोळ्या ऐकू येत. या आरोळ्या आपण मारत नाही, त्या आपल्याकडून चमत्काराने मारवल्या जातात, असे श्रेबर सांगत. दुसऱ्या अहवालात वेबर यांनी आठवणी छापण्याची इच्छा हेच विवेक गमावल्याचे लक्षण मानले. तिसऱ्यात त्यांचा सूर मवाळ झालेला आहे.

दोन शत्रुपक्षांच्या या कागदांत एका मुद्द्यावर एकवाक्यता आहे, आणि म्हणून तो मुद्दा मी पक्का धरतो. १८९७ च्या आसपासपासून १९०२ पर्यंत श्रेबर यांची मनःस्थिती बरीच स्थिर होती. खिन्नता ओसरली होती, आत्महत्येचा विचार मागे पडला होता. आणि आवाज व भ्रम मात्र चालूच होते. आवाज मंदावत जाऊन वाळूच्या घड्याळातून वाळू झिरपावी तशी सूं सूं उरली आहे, इतपत फरक श्रेबर नोंदवतात. बंद झाले असे म्हणत नाहीत.

आजच्या निकषांनी तोलायचे झाले तर हा मधला पट्टाच निर्णायक आहे. भ्रम आणि भास केवळ नैराश्याच्या किंवा उन्मादाच्या झटक्यातच येत असतील तर तो मनःस्थितीचा आजार. मनःस्थिती ठीक असतानाही ते किमान दोन आठवडे राहत असतील, आणि एकूण आजाराच्या बहुतांश काळात मनःस्थितीचे झटकेही असतील, तर स्किझोअफेक्टिव्ह. भ्रम आहे, पण भास ठळक नाहीत आणि वागणे फारसे बिघडलेले नाही, तर भ्रमविकार. म्हणजे क्रेपेलिन यांच्या पॅरानोइआचा आजचा वारस. भ्रम, भास, विस्कळीत विचार यांपैकी लक्षणे टिकून असतील आणि काम वा नाती ढासळली असतील तर स्किझोफ्रेनिया; त्यासाठी अमेरिकेची २०१३ सालची डीएसएम-५ नियमावली सगळे मिळून सहा महिन्यांचा काळ मागते, जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ एक महिना. एका महिन्याच्या आत सगळे मावळले तर अल्पकालीन सायकोसिस. प्रत्येक सीमारेषा कॅलेंडरवर आखलेली आहे.

त्यावर ठेवून पाहिल्यास वेबर यांचे ‘पॅरानोइआ’ टिकत नाही. आवाज इतके ठळक आणि इतकी वर्षे असताना ते नाव लागू पडत नाही. वेबर यांनी दुसऱ्या टप्प्याचे उत्तम वर्णन केले आणि नाव त्या टप्प्यापुरते दिले. त्यांच्याकडे रुग्ण २९ जून १८९४ रोजी आला. त्याआधीचे महिने त्यांनी पाहिलेच नव्हते. लोथाने यांचा मनःस्थितीच्या आजाराचा दावा १८८४ आणि १८९३ या दोन सुरुवातींना चपखल बसतो, पण १८९७ ते १९०२ या पट्ट्यावर अडखळतो. कर्ट श्नायडर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ज्यांना स्किझोफ्रेनियाची पहिल्या दर्जाची लक्षणे म्हटले, म्हणजे विचार दुसऱ्याने टिपणे, कृती बाहेरून करवली जाणे, सतत बोलणारे आवाज, ती सगळी श्रेबर यांच्या पानापानावर आहेत. मात्र तशी लक्षणे इतर आजारांतही आढळतात हे नंतर कळले, आणि डीएसएम-५ने त्यांना दिलेले खास वजन काढून टाकले. तेव्हा केवळ त्यांच्या जोरावर निकाल देता येणार नाही.

स्किझोफ्रेनियाच्या विरुद्ध जाणारे दोन पुरावेही आहेत. सुरुवात एक्कावन्नाव्या वर्षी, आणि बुद्धी व सभ्यता १९०२ पर्यंत तरी शाबूत. क्रेपेलिन यांनाही असे रुग्ण खुपत असावेत. १९१३ सालच्या आवृत्तीत त्यांनी अशांसाठी पॅराफ्रेनिया हा वेगळा कप्पा केला. श्रेबर यांची एक नोंद या संदर्भात मला फार मोलाची वाटते. जग बुडाले आहे आणि दिसणारी माणसे बनावट आहेत अशी त्यांची एके काळी खात्री होती. मग नातेवाइकांची पत्रे आली, रस्त्यावरून जाणारी मुलांची मिरवणूक दिसली, आणि बाहेरून पाहता जग पूर्वीसारखेच आहे हे त्यांनी कबूल केले. आत काहीतरी मोठे घडले आहे एवढे धरून ठेवले. पुराव्यापुढे भ्रमाचा एक भाग मागे घेणारे हे मन आहे. भ्रमात बदल होत नाही, असे ढोबळपणे म्हटले जाते. इथे तो अर्धा झालेला कागदावर दिसतो.

नोंदींतले सगळ्यात मोठे भगदाड कुठे आहे तेही सांगायला हवे. आठवणींचे तिसरे प्रकरण. ‘आत्म्याच्या खुना’शी कदाचित संबंधित असलेल्या, घराण्यातल्या इतर माणसांबाबतच्या घटना इथे सांगतो, अशी सुरुवात होते आणि मजकूर तुटतो: छापण्यास अयोग्य म्हणून पुढचा भाग वगळला आहे, एवढीच टीप. गुस्तावची आत्महत्या तिथे असेल असे अनेकांनी मानले आहे. शक्य आहे. असती तर घराण्यात मनःस्थितीचा आजार होता का, यावर थोडा उजेड पडला असता. पण न छापलेल्या पानांना साक्षीला बोलावता येत नाही.

आता १९०२ च्या निकालाकडे परत येऊ, कारण न्यायाधीशांनी एक गोष्ट डॉक्टरांपेक्षा नेमकी पाहिली. १ जानेवारी १९०० पासून लागू झालेल्या जर्मन नागरी संहितेच्या सहाव्या कलमाप्रमाणे मानसिक आजार असणे पुरेसे नव्हते. त्या आजारामुळे माणूस आपले व्यवहार सांभाळू शकत नाही हे सिद्ध व्हावे लागे. १३ मार्च १९०० रोजी कनिष्ठ न्यायालयाने श्रेबर यांना अक्षम ठरवले, १३ एप्रिल १९०१ रोजी प्रांतिक न्यायालयाने ते कायम केले. वरिष्ठ न्यायालयाने विचारले: हा माणूस पैशाचा, घराचा, पत्नीच्या हिताचा हिशेब नीट करतो की नाही? उत्तर होकारार्थी होते. निदान एक प्रश्न, क्षमता दुसरा. आपल्याकडच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमातही हेच आहे: सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याशिवाय केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणाला विवेकहीन मानता येत नाही. इथे एकशे पंधरा वर्षांनी कलमात आलेले तत्त्व तिथे एका रुग्णाने स्वतः भांडून आपल्याला लागू करून घेतले होते.

२० डिसेंबर १९०२ रोजी श्रेबर सोनेनस्टाइनमधून बाहेर पडले. पती-पत्नींनी एक मुलगी दत्तक घेतली, ड्रेस्डेनमध्ये घर बांधले. कौटुंबिक समारंभांसाठी त्यांनी कविता रचल्या, वडिलांच्या नावाने चालणाऱ्या मंडळांच्या वादात १९०७ साली लेखी मत दिले. मे १९०७ मध्ये आई वारली. १४ नोव्हेंबरला ओटिली यांना पक्षाघाताचा झटका आला. २७ नोव्हेंबरला श्रेबर लाइपझिगजवळच्या ड्योझेन येथील मनोरुग्णालयात दाखल झाले ते कायमचे. तिथल्या केसपेपरात पुन्हा तेच: झोप नाही, आपण सडलो आहोत, जेवता येत नाही, मरण आले. फ्रॉइड यांनी आपला प्रबंध १९१० च्या अखेरीस लिहिला तेव्हा श्रेबर जिवंत होते. दोघे कधी भेटले नाहीत; फ्रॉइड यांच्या हाती मुख्यतः छापील पुस्तकच होते. १४ एप्रिल १९११ रोजी श्रेबर ड्योझेनमध्ये वारले, आणि फ्रॉइड यांचा प्रबंध त्याच वर्षी छापून निघाला.

तीन दुखणी, तिन्हींची सुरुवात एकाच पद्धतीने: निद्रानाश, शरीर नासल्याची खात्री, मरणाची ओढ. फक्त मधले दुखणे पुढे आवाजांत आणि भ्रमव्यवस्थेत वळले आणि खिन्नता गेल्यावरही राहिले. म्हणून माझे मत असे: १८९४ ते १९०२ हा काळ स्किझोफ्रेनियाच्या कुळातला ठरवायला पुरावा पुरेसा आहे, आणि तिन्ही सुरुवाती पाहता स्किझोअफेक्टिव्ह हे नाव आजच्या नावांत सर्वांत कमी ओढाताण करणारे आहे. ते पक्के करायचे तर १९०३ ते १९०७ या घरच्या वर्षांत आवाज चालू होते का हे कळायला हवे. घर, कविता, कायदेशीर मत, यांतले काहीही त्याबद्दल बोलत नाही; अशा कागदांत ते लिहिले जाण्याचे कारणही नव्हते. आवाज तेव्हा पूर्ण थांबले होते असे सांगणारे एखादे पत्र उद्या कुठल्या पेटीतून निघाले, तर लोथाने यांच्या बाजूचे पारडे जड होईल आणि वरचे मत मला बदलावे लागेल.